ठाण्यात क्वायर आणि वाद्यवृंदाची मैफल उभी करताना: आधी जागा, मग बाकी सगळं

चाळीस गाणारे आणि पंधरा वाजवणारे घेऊन पाश्चात्त्य अभिजात संगीताची एक संध्याकाळ ठाण्यात करायची, असं ठरलं की गट सगळ्यात आधी काय गायचं यावर चर्चा करतो. आमच्या गटानेही पहिल्या वेळी तेच केलं. रचना ठरल्या, पाच महिने तालमी झाल्या आणि शेवटी त्या तारखेला जे नाट्यगृह मोकळं मिळालं ते घेतलं. रंगीत तालमीला पहिला स्वर लावला आणि आवाज जणू पायाशीच पडला. मी आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात, गाते. मला माझा आणि शेजारणीचा आवाज ऐकू येत होता, पण पलीकडच्या टोकाचे बास (पुरुषांचा खालचा आवाज) अजिबात ऐकू येत नव्हते. प्रत्येक जण एकटा पडल्यासारखा गायला लागला, आवाज ताणले गेले, स्वर उतरले. मग माइक आले, कृत्रिम एको आला, आणि पाच महिने जमवलेला चार आवाजांचा तोल ध्वनियंत्रणेच्या बटणांवर गेला.

त्यानंतर आम्ही क्रम बदलला. या प्रकारच्या संगीतात जागा हेच सोळावं वाद्य असतं. तारीख, कार्यक्रम, गायकांची संख्या, तिकीट लावायचं की नाही, हे सगळं जागेवरून ठरतं.

जागा कानाने निवडा

आपली नाट्यगृहं नाटकासाठी बांधलेली असतात. शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द स्पष्ट कळावा म्हणून तिथे आवाज लवकर विरायला हवा. गाद्यांच्या खुर्च्या, काळे पडदे, विंगा, वरची झालर आणि रंगमंचावरची उंच पोकळी मिळून आवाज पिऊन टाकतात. संवादासाठी साधारण एक सेकंदाचा अनुनाद, म्हणजे आवाज थांबल्यावर तो घुमत विरण्याचा वेळ, पुरतो. क्वायरला (समूहगान करणाऱ्या गटाला) दीड ते दोन सेकंद हवेत, म्हणजे एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दाला हलकेच टेकते आणि चाळीस गळ्यांचा एक आवाज होतो.

वॉलेस सबाइन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी याचं एक सोपं सूत्र दिलं: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६१ ने गुणा आणि आवाज शोषणाऱ्या एकूण क्षेत्रफळाने भागा. उत्तर सेकंदांत येतं. समजा, एक जुनं चर्च २० मीटर लांब, १२ मीटर रुंद, ८ मीटर उंच आहे. घनफळ १,९२० घनमीटर. चुन्याच्या भिंती, लादी, लाकडी छत यांचं शोषण मिळून ८० चौरस मीटरच्या आसपास धरलं तर रिकाम्या चर्चमध्ये अनुनाद जवळजवळ ४ सेकंदांचा येतो. आता आत ३०० माणसं बसवा. एक बसलेला माणूस साधारण ०.४५ चौरस मीटर इतका आवाज शोषतो, म्हणजे आणखी १३५. अनुनाद दीड सेकंदाच्या खाली उतरतो. म्हणून रिकाम्या जागेत ऐकून घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. रिकामी असताना थोडी जास्तच घुमणारी जागा भरल्यावर नेमकी होते. रिकामी असतानाच कोरडी वाटणारी जागा मात्र भरल्यावर पूर्ण मरते.

गणित नको असेल तर चार गाणारे घेऊन जा. मधोमध उभं राहून एक जोरकस आ-कार लावा आणि हाताच्या इशाऱ्यावर एकदम तोडा. मागच्या बाकावर कुणीतरी फोनवर ध्वनिमुद्रण करत बसावं. मग तेच हळू आवाजात करा. हळू आवाजही मागे नीट पोचला तर जागा चांगली. आणि जाल तेव्हा संध्याकाळीच जा, ज्या वेळी कार्यक्रम असेल त्या वेळी. सकाळी अकराला शांत वाटणाऱ्या रस्त्यावर संध्याकाळी सातला रिक्षांचे हॉर्न किती असतात, ते तेव्हाच कळतं.

ठाण्यात चर्चची परंपरा पोर्तुगीज काळापासूनची आहे. मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च त्या काळाची साक्ष आहे. उंच छत आणि कठीण भिंती असलेली चर्चेस ठाणे, वसई, उत्तन या पट्ट्यात बरीच आहेत. नवी मुंबईत शाळा-कॉलेजांची बहुउद्देशीय सभागृहंही उपयोगी पडतात, फक्त तिथला एसी बंद आणि चालू असताना, दोन्ही वेळा ऐका. कित्येक सभागृहांत एसीची घरघर व्हायोलिनच्या हळू वादनापेक्षा मोठी असते.

नाट्यगृहच घ्यावं लागलं तर क्वायरला पडद्याच्या रेषेच्या पुढे, प्रेक्षकांकडे आणा. मागचे काळे पडदे गुंडाळा आणि पाठीशी जाड प्लायवुडचे उंच फलक एकमेकांना लागून उभे करा. माइक लावायचेच असतील तर उंचावर दोनच, आणि तेही जेमतेम आधारापुरते.

चर्च मिळालं तर

चर्चमध्ये मैफल म्हणजे भाड्याने घेतलेल्या हॉलमधला कार्यक्रम नव्हे. व्हॅटिकनने १९८७ च्या नोव्हेंबरमध्ये चर्चमधल्या मैफलींबद्दल एक सूचनापत्र काढलं, आणि फादरांशी बोलायला जाण्याआधी त्यातल्या गोष्टी आपल्याला ठाऊक असायला हव्यात. प्रवेश सर्वांना खुला आणि विनामूल्य असला पाहिजे. गायक-वादकांनी वेदीच्या पवित्र भागात बसू नये. संगीत पवित्र किंवा धार्मिक आशयाचं असावं. गाणाऱ्यांचा आणि ऐकणाऱ्यांचा पोशाख आणि वागणूक त्या जागेला शोभणारी असावी. पवित्र साक्रामेंत (अभिषिक्त भाकर) शक्यतो बाजूच्या छोट्या प्रार्थनागृहात हलवावा. परवानगीचा अर्ज बराच आधी, लेखी, धर्मप्रांताच्या पातळीपर्यंत जातो. तीन महिन्यांपेक्षा कमी वेळ हातात ठेवू नका.

यातून दोन गोष्टी लगेच ठरतात. तिकीट लावता येणार नाही, म्हणजे खर्च देणगीदारांकडून आधीच उभा करायचा. आणि मोझार्टची सेरेनेड (करमणुकीसाठी लिहिलेली रचना) किंवा सिनेमातलं संगीत इथे येणार नाही. मला हे बंधन वाटत नाही. त्यामुळे कार्यक्रमाला एकसंधपणा येतो, आणि ज्याने आयुष्यात कधी तिकीट काढून असं संगीत ऐकलं नसतं, तो तलावपाळीवर फिरता फिरता आत येऊन बसतो.

तारीख

माझ्या मते ठाण्यात या कार्यक्रमाला वर्षातून एकच चांगली खिडकी असते: जानेवारीचा दुसरा पंधरवडा. डिसेंबरात सगळ्या चर्चची क्वायर नाताळच्या कॅरलमध्ये बुडालेली असतात. त्याआधीच्या आगमनकाळात आणि ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात उपासनेत ‘ग्लोरिया’ हा देवाच्या स्तुतीचा पाठ म्हटलाच जात नाही, त्यामुळे त्या दिवसांत तो मैफलीत मागणं बरं दिसत नाही. उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि तो बुधवार काही वर्षी ४ फेब्रुवारीइतका लवकर येऊ शकतो. फेब्रुवारीत बारावी आणि मग दहावी. तुमच्या दुसऱ्या व्हायोलिनमधली निम्मी मुलं त्याच वयाची असणार. मार्चपासून उकाडा. उकाड्यात खिडक्या उघडाव्या लागतात आणि पंखे लावावे लागतात. पंख्याने स्वरलेखनाची पानं उडतात, आणि पाती फिरताना लांब स्वरात एक थरथर ऐकू येते. जानेवारीत खिडक्या बंद ठेवून सगळं निभावतं.

रविवार टाळा. रेल्वेचा मेगाब्लॉक कधी पडेल याचा नेम नाही, आणि वसई, बोरिवली, वाशीहून येणारा डबल बास वाजवणारा माणूस ब्लॉकमध्ये अडकला तर त्याला पर्याय नसतो. शनिवार घ्या. त्या संध्याकाळी चर्चमध्ये रविवारची मिस्सा (मुख्य उपासना) आदल्या दिवशीच होते, तेव्हा ती किती वाजता संपते ते विचारून आठला सुरुवात धरा. मांडणीला पाऊण तास मिळतो. सूर्यास्ताच्या सुमाराची अजान, देवळातली आरती, चर्चची घंटा, सगळं तोवर होऊन गेलेलं असतं. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला कायद्याने बंदी आहे. माइक नसला तरी साडेनऊला संपवा, शेजारच्या इमारती पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहेत.

काय गायचं

हौशी क्वायरच्या पहिल्या मोठ्या मैफलीसाठी मी एकच रचना सुचवते: विवाल्दीचा ‘ग्लोरिया’, त्याच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक आर.व्ही. ५८९. बारा भाग, एकूण अर्धा तास. चार आवाजांचा क्वायर, दोन सोप्रानो (बायकांचा वरचा आवाज) आणि एक आल्टो एकल गायिका, तंतुवाद्यं, एक ओबो, एक ट्रम्पेट आणि साथीला ऑर्गन. विवाल्दी व्हेनिसमध्ये अनाथ मुलींच्या ‘पिएता’ या संस्थेत संगीत शिकवायचा, आणि हा ‘ग्लोरिया’ त्याने १७१५ च्या सुमारास तिथल्या मुलींसाठी लिहिला. त्याच्या मृत्यूनंतर तो जवळजवळ दोनशे वर्षं विस्मृतीत गेला होता. १९३९ मध्ये इटलीतल्या सिएना शहरात तो पुन्हा गायला गेला. शिकणाऱ्यांसाठी लिहिलेलं असल्यामुळे त्यात प्रत्येकाला काम आहे आणि कुणावर अन्याय नाही.

त्याच्या आधी मोझार्टचा ‘आवे वेरुम कॉर्पुस’ ठेवा. १७९१ च्या जूनमधला, त्याच्या अखेरच्या वर्षातला. फक्त ४६ मात्राखंड, तीनेक मिनिटं, आणि सुरुवातीलाच ‘सोत्तो व्होचे’, म्हणजे दबक्या आवाजात, अशी सूचना. स्वर सोपे आहेत, तरी हा सगळ्यात अवघड भाग आहे, कारण हळू गाताना क्वायर हमखास उतरतो. नंतर गळ्यांना विश्रांती म्हणून नुसत्या तंतुवाद्यांचा इटालियन रचनाकार कोरेल्लीचा ‘नाताळ कोंचेर्तो’, ओपस ६ या संग्रहातला आठवा, पंधरा मिनिटं. त्यानंतर फ्रेंच रचनाकार गाब्रिएल फोरेचं ‘कांतीक द जाँ रासीन’. ते त्याने विशीही ओलांडली नव्हती तेव्हा, १८६५ च्या सुमारास लिहिलं. शेवटी विवाल्दी. एकूण ५५ मिनिटं संगीत, मध्यंतर नको.

या चौघांचंही संगीत हक्कमुक्त आहे. भारतीय कायद्यानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. फोरे १९२४ मध्ये गेला, म्हणजे प्रश्न मिटला. पण अमेरिकन रचनाकार सॅम्युअल बार्बर १९८१ मध्ये वारला, त्याच्या रचनांना परवाना लागतो, आणि हयात रचनाकारांना तर लागतोच. स्वरलेखन आयएमएसएलपी आणि सीपीडीएल या संकेतस्थळांवर मोफत मिळतं. मात्र कुणीतरी विकत आणलेली नवी छापील आवृत्ती झेरॉक्स करून वाटू नका. रचना जुनी असली तरी संपादकाचं काम नवं असतं.

माणसं

चाळीस गायक असतील तर १३ सोप्रानो, ११ आल्टो, ७ टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) आणि ९ बास असा हिशोब धरा. टेनर कुठेच पुरेसे मिळत नाहीत. सात चांगले मिळाले तर बासांपैकी कुणाला ओढून वर नेऊ नका, गळा दुखतो आणि स्वरही बिघडतो. तंतुवाद्यांत ४ पहिली व्हायोलिन, ३ दुसरी, २ व्हिओला, २ चेलो, १ डबल बास. या बारा जणांत ओबो, ट्रम्पेट आणि कीबोर्डवरचा ऑर्गन धरले की पंधरा होतात.

ठाण्यात आणि नवी मुंबईत लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड परीक्षा देणारी व्हायोलिनची मुलं पुष्कळ आहेत. पाचव्या ग्रेडच्या पुढची मुलं दुसऱ्या व्हायोलिनमध्ये नीट बसतात, फक्त प्रत्येक मुलाशेजारी एक अनुभवी हात हवा. मुलं एकेकटी वाजवायला शिकलेली असतात. शेजारच्याचा गज वर जातोय की खाली हे बघत वाजवणं त्यांच्यासाठी नवं असतं, आणि ते एकदा जमलं की त्यांचं वाजवणंच बदलतं. व्हिओला वाजवणारे दुर्मीळ. तीन महिने आधी एखाद्या व्हायोलिनवादकाला व्हिओला हाती द्या, त्याची आल्टो क्लेफ (व्हिओलाच्या स्वरलेखनाची वेगळी खूण) वाचायची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. ओबो नाही मिळाला तर अडत नाही. ‘दोमिने देउस’ या भागात ओबोची एकल ओळ व्हायोलिनवर वाजवायलाही चालते.

तालमी: काळी-पांढरी घेऊन

आमच्या क्वायरमध्ये निम्मे लोक चर्चमध्ये गाऊन तयार झालेले आणि निम्मे हार्मोनियमवर रागसंगीत शिकलेले. दुसऱ्यांना पाच रेघांचं स्वरलेखन वाचता येत नाही म्हणून त्यांना बाहेर ठेवणं मला चुकीचं वाटतं. त्यांचा कान तयार असतो, फक्त त्यांच्या भाषेत सांगावं लागतं. ‘ग्लोरिया’चा पहिला भाग डी मेजरमध्ये आहे, म्हणजे पांढरी दोनचा सा. दुसरा भाग बी मायनर, म्हणजे पांढरी सातचा सा आणि कोमल ग, कोमल ध. वाद्यवृंद ज्या ‘ए’ स्वराला लावतात तो पांढरी सहा. इतकं सांगितलं की सरगम म्हणत म्हणत ओळ पाठ होते. प्रत्येक आवाजाची ओळ वेगळी गाऊन फोनवर ध्वनिमुद्रित करून गटात पाठवा. मागे बाकीचे तीन आवाज अगदी हळू ठेवा, म्हणजे आपली ओळ कुणाला टेकून आहे ते घरीच कळतं.

सवयी मात्र दोन सोडाव्या लागतात. स्वराला खालून मींड घेऊन यायचं नाही. चाळीस जण वेगवेगळ्या वेळी स्वरावर पोचले तर सुरुवातच पुसट होते. आणि लांब स्वरावर आंदोलन नको, तो सरळ रेघेसारखा धरायचा.

लॅटिन शब्द देवनागरीत लिहून द्या. हे मी आग्रहाने सांगते. रोमन लिपीत लिहिलं की आपण इंग्रजी वळणाने ‘एट इन टेरा’ म्हणतो. देवनागरीत ‘एत इन तेर्रा पाक्स ओमिनिबुस’ लिहिलं की दंत्य त आपोआप येतो, इटालियन उच्चारात तोच आहे, आणि स्वर स्वच्छ लागतात. ‘एक्शेल्सिस’, ‘ग्रात्सियास आजिमुस’, ‘मान्याम’, सगळं असंच. ‘चेलेस्तिस’मधला च हा चहातला च, चाकातला नव्हे. शब्दाच्या शेवटचा स चाळीस जणांनी आपापल्या वेळी म्हटला तर सापाच्या फुत्कारासारखा ऐकू येतो, तो कंडक्टरच्या, म्हणजे समोर उभं राहून सगळ्यांना चालवणाऱ्याच्या, हातावरच यायला हवा. आम्ही प्रत्येकाच्या पानावर शेवटच्या स आणि क्स भोवती पेन्सिलीने गोल काढायला लावला. पेन्सिलच. पेन नाही, कारण सूचना बदलतात.

सगळ्यात जास्त वेळ दुसऱ्या भागाला द्या. ‘एत इन तेर्रा पाक्स’ संथ आहे आणि त्यात स्वर एकमेकांना खेटून उभे राहतात. एका आवाजाने सा धरलेला असतो, दुसरा त्याच्या शेजारी रेवर येऊन थांबतो. क्षणभर दोघं घासतात आणि मग पहिला खाली नीवर उतरून जागा करून देतो. ज्यांच्या कानात तंबोऱ्याचा एकच सा बसला आहे त्यांना ती घासणी म्हणजे आपली चूक वाटते. ते लगेच स्वर सोडून सुरक्षित जागी जातात आणि विवाल्दीने रचलेली वेदनाच निघून जाते. आमच्या एका काकूंनी तीन तालमी हे केलं. चौथ्या वेळी त्यांना त्यांच्याशी घासणारी ओळ गाणाऱ्या एका सोप्रानोसमोर, दोन हातांच्या अंतरावर उभं केलं. दोघींनी स्वर धरले आणि कुणीच हललं नाही. तो घासणारा स्वर दोघींच्या मध्ये हवेत थरथरताना ऐकू आला, मग सोप्रानो उतरली. काकू म्हणाल्या, "अगं, हे असं असायचंच आहे होय!" त्यानंतर त्या कधी हलल्या नाहीत. हा प्रयोग प्रत्येक क्वायरने करावा. स्वर सोडायचा नाही, याची खात्री कानाला दुसऱ्या माणसाच्या समोरच पटते.

याच भागात श्वासाची एक रीत शिकवा. शेजारणीने श्वास घेतला की आपण घ्यायचा नाही, आणि ओळीच्या मध्येच, शब्द सुरू असताना चोरून घ्यायचा. चाळीस जणांचा आवाज मग कुठेच तुटत नाही.

शेवटचा भाग, ‘कुम सांक्तो स्पिरितू’, ही चार आवाजांची पाठशिवणी आहे. विवाल्दीने ती जोव्हानी मारिया रुज्जेरी या दुसऱ्या इटालियन रचनाकाराकडून उचलून नव्याने बांधली. ती आधी ठाय लयीत, नुसत्या तालावर शब्द बोलत शिका. स्वर नंतर.

एकूण बारा आठवडे पुरतात. पहिले सात आठवडे आवाजनिहाय आणि मग एकत्र, दर रविवारी तीन तास. तंतुवाद्यांची तालीम त्याच काळात वेगळी. शेवटचे पाच आठवडे क्वायर आणि वाद्यवृंद एकत्र, आणि त्यातल्या निदान दोन तालमी मैफलीच्याच जागी. तिथे गेल्यावर कंडक्टर जरूर सगळं थोडं संथ करेल. घुमणाऱ्या जागेत वेगवान भाग चिखल होतो, तेव्हा वाद विवाल्दीच्या गतीचा नसतो, त्या भिंतींचा असतो.

मांडणी

मंडपवाल्याला साध्या खुर्च्या सांगितल्या की तो हात असलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या पाठवतो. व्हायोलिनवादकाचं कोपर त्या हातावर आपटतं आणि चेलो तर धरताच येत नाही. वाद्यवृंदासाठी पंधरा बिनहाताच्या, सपाट बैठकीच्या खुर्च्या वेगळ्या मागा, आधी जाऊन बघा. चेलो आणि डबल बासच्या तळाशी धातूची टोकदार काठी असते. गुळगुळीत लादीवर ती सरकते. काथ्याचं जाड पायपुसणं खाली टाकलं की प्रश्न मिटतो, आणि चर्चच्या जुन्या लाद्यांवर ओरखडाही पडत नाही.

क्वायरसाठी लाकडी लेव्हल (उभं राहायचे ओटे) तीन पायऱ्यांच्या, प्रत्येक पायरी वीस सेंटिमीटर चढाची. नाटकवाल्यांकडे मिळतात. वर उभं राहून जागेवर पाय हलवून बघा, करकरणाऱ्या लेव्हलवर जुनी सतरंजी घाला. गाणाऱ्यांना गुडघे ताठ करून उभं राहू देऊ नका, अर्ध्या तासात कुणीतरी चक्कर येऊन पडतं. टेनर संख्येने कमी म्हणून त्यांना मधोमध, बासांच्या पुढे ठेवा. स्टँडवर लावायचे छोटे दिवे आणि त्यांचे जादा सेल घ्या. चर्चमधला पिवळा दिवा पन्नाशीच्या डोळ्यांना पुरत नाही.

आमंत्रण आणि श्रोते

जाहिरातीत ‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द मोठ्या अक्षरात लिहू नका. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे हिंदी-मराठी सिनेगीतांचा रंगमंचीय कार्यक्रम. त्या अपेक्षेने आलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत निराश होतो आणि त्याची चूक नसते. ‘समूहगान आणि वाद्यवृंद, पाश्चात्त्य अभिजात संगीत’ असं लिहा.

कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक भागाचं मूळ लॅटिन देवनागरीत, शेजारी मराठी अर्थ. ‘एत इन तेर्रा पाक्स’, ‘आणि पृथ्वीवर शांती’, एवढं समोर असलं की ऐकणारा आत येतो. सुरुवातीला पाच मिनिटं मराठीत बोला. बारा भागांत टाळ्या कधी वाजवायच्या ते शांतपणे सांगा: शेवटचा भाग संपून कंडक्टरचा हात खाली आला की. तरी कुणी मध्ये टाळ्या वाजवल्या तर कंडक्टरने हसून थांबावं. आपल्याकडे जागच्या जागी दाद देण्याची रीत आहे आणि ती प्रेमाची रीत आहे, फक्त या रचनेला सलगपणा हवा.

दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, पाहुण्यांची भाषणं यांना चाळीस मिनिटं जातात. तेवढ्या वेळात तंतुवाद्यं सुरातून उतरतात आणि गळे थंड पडतात. मी ही सगळी कामं संगीतानंतर ठेवते आणि पाहुण्यांना आमंत्रणातच तसं कळवते. आजवर कुणी वाईट वाटून घेतलेलं नाही.

त्या दिवशी

वादकांना मिस्सा संपण्याआधी आवारात बोलवा. वाद्यं पेटीतून काढून, खोलीत उघडी ठेवून निदान वीस मिनिटं हवेशी जुळू द्या. एसी गाडीतून आलेली व्हायोलिन लगेच लावली तर पहिल्या रचनेत पुन्हा उतरते. कीबोर्डचा ‘ए’ स्वर ४४० हर्ट्झवर आहे ना ते बघा, कधीकधी आधीच्या गाणाऱ्याने सोयीसाठी सरकवलेला असतो. खाणं सहापर्यंत उरका, वडापाव नको, गळ्यावर तेल बसतं. उपमा किंवा इडली आणि कोमट पाणी.

एक माणूस फक्त दारावर ठेवा, उशिरा येणाऱ्यांना दोन रचनांच्या मध्येच आत सोडायला. दुसरा रस्त्यावर, गाड्या नीट लावून घ्यायला. तिसऱ्याच्या हातात सगळ्या भागांच्या जादा प्रती. दर वेळी एक तरी टेनर आपलं फोल्डर घरी विसरतो.

मैफल संपल्यावर मानधनाची पाकिटं त्याच रात्री हातात द्या, बाहेरगावच्या वादकांची आधी. मग लेव्हल, खुर्च्या आणि पायपुसणी टेम्पोत भरा, हलवलेली बाकं मूळ जागी सरळ रेषेत लावा आणि लादीवर सांडलेले कागद उचला. रविवारी पहाटे पहिल्या मिस्सेला लोक येतील तेव्हा त्यांना चर्च रोजच्यासारखं मिळायला हवं.